दोराचं वय

दर सोमवारी सकाळी सातला, भांडुपच्या शेडमध्ये,
मी डोळे मिटतो आणि दोर हातातून सोडत जातो.
पंचेचाळीस मीटर.
बोटांना कळतं ते डोळ्यांना दिसत नाही :
कुठे चीक सुकून कडक झालाय,
कुठे घसरताना तापून काचेसारखा गुळगुळीत,
कुठे आतली वीण मऊ पडलीय
जास्त पिकलेल्या चिकूसारखी, वरून काहीच न दाखवता.

मग वही. दोर क्रमांक सात.
आला : दोन वर्षांपूर्वी, मार्चात.
झाडं : दोनशे अकरा.
पडणं : शून्य.
या रकान्यात दुसरा आकडा लिहायची वेळ आली
तर तो मी लिहिणार नाही, पोलीस लिहितील.

आयरीन तुस्कानो हसते मला.
"काका, तू दोराची नाडी बघतो की पत्रिका?"
तिचा बाप गोराईचा, ताडावर चढायचा,
पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, बाकी सगळं आकाश.
चाळीस वर्षं पडला नाही, एकेचाळिसाव्या वर्षी पडला.
हे ती एका दमात सांगते
आणि त्याच दमात म्हणते, गाठ बघ.

फेब्रुवारीत पवईला स्पर्धा होती.
जुना वर्षावृक्ष, पाच फांद्यांना पाच घंटा,
खाली घड्याळ घेतलेला पंच.
आयरीन चौथ्या घंटेपर्यंत सगळ्यांच्या पुढे.
तिथून पाचवीकडे वळताना तिनं मोठा दोर सोडवला,
आखूड दोर फांदीभोवती घ्यायच्या आधी.
किती वेळ? "अरे" म्हणायला लागतो तेवढा.
शिट्टी. बाद.
लोक पंचावर ओरडले, पडली कुठे ती?
तो म्हणाला, हे विचारायची वेळ येऊ नये म्हणूनच.

टेम्पोत ती गप्प होती. गांधीनगरच्या सिग्नलला म्हणाली,
"तेव्हा मला काहीच वाटलं नाही काका.
भीतीपण नाही.
तेच वाईट."

मे महिन्यात माटुंग्याची गल्ली.
गॅलरीतून एक गृहस्थ : किती वेळ, मला गाडी काढायचीय.
फोनवर ठेकेदार : दोन-दोन दोर कशाला बांधता,
चार झाडं व्हायला हवीत आज.
वर पानांत आयरीन दिसत नाही, फक्त हेल्मेटचा पिवळा तुकडा.
ती नव्या फांदीवर आधी अर्धं वजन टाकते, थांबते,
मग उरलेलं.
करवत सुरू करण्याआधी ओरडते, "दोन!"
खालून मी, "दोन!"
म्हणजे दोन ठिकाणी बांधलीय, आता दात लावायला हरकत नाही.
दिवसभरात आमचं बोलणं इतकंच.
संध्याकाळी घसा बसलेला असतो
आणि गल्लीतल्या पोरांना वाटतं, आम्ही मोजायला शिकतोय.

परवा सात नंबर कापला.
एकतिसाव्या मीटरला अंगठ्याला शंका आली.
ठेकेदार म्हणाला, वजन लावून बघ, तुटतोय का.
मी म्हटलं, शंका पुरे.
हातभर लांबीचे तुकडे करायचे असतात,
म्हणजे रात्रीतून कुणी उचलून
उद्या दुसऱ्या झाडाला नेणार नाही.

शेजारच्या गॅरेजमधला मुनाफ आला.
कापायच्या आधी चार मीटर दे ना,
पोरीला झोपाळा बांधतो.
नाही.
कपडे वाळत घालायला?
त्याला मी दोन तुकडे दिले, गाठ मारून,
आणि वर दम दिला : कपडेच. माणूस नाही.

एक तुकडा आयरीननं नेला, बापाच्या हाताला चाळा म्हणून.
तो आता खाटेवरच असतो.
त्यानं तुकडा या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपला,
मध्येच थांबला, पुन्हा मागे आला.
म्हणाला, इथं हा गेलाय.

मी तिला सांगितलं नव्हतं
तो तुकडा कितव्या मीटरचा.